आमोसच्या नावाचं प्लास्टर

१७ नोव्हेंबर, सोमवार. सायंकाळी ७
उजवा हात सुजलाय म्हणून डाव्याने लिहितोय. थोडक्यात लिहीन.
कारण नोंदवून ठेवतो. राजनंदिनीला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या होत्या. सतरा ओळी. उत्तर आलं, थँक्यू दादा. रूमवरचं लोखंडी कपाट जवळच होतं. एकच ठोसा. कपाटाला पोचा आला, हे रूममेट आमोसनेही मान्य केलं. तो हाताचं विचारत होता. हाताला काय होतंय! मुका मार. आमच्या मिरजगावात असल्या मारावर हळद लावतात आणि कामाला लागतात.
राजनंदिनी हा विषय संपला. कायमचा.

१८ नोव्हेंबर
हळद लावली. करंगळी कुठे संपते आणि हात कुठे सुरू होतो ते कळेना. मोबाइलवर एका डॉक्टरचा व्हिडिओ पाहिला. तो म्हणाला, ताबडतोब डॉक्टरला दाखवा. दुसरा व्हिडिओ पाहिला.
आईचा फोन. परीक्षा कधी, म्हणाली. अभ्यास चालू आहे, असं सांगितलं. खोटं नाही. माणसाचा कसला ना कसला अभ्यास चालूच असतो. सप्टेंबरात मी कॉलेज सोडलं हे घरी अजून सांगितलेलं नाही, एवढंच. सांगणार आहे. आधी काहीतरी करून दाखवायचं, मग सांगायचं.

१९ नोव्हेंबर
सरकारी दवाखान्यात गेलो. नगरला येऊन दीड वर्ष झालं, पण इथे आजारी पडायची वेळ आली नव्हती. आधी केसपेपर काढायचा असतो हे माहीत नव्हतं. एक तास चुकीच्या रांगेत उभा राहिलो. पुढच्या राहीबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं तेव्हा कळलं. त्यांना माझ्याबद्दल सगळं कळलं, गाव, जात, लग्न झालं नाही ते. मग केसपेपरच्या रांगेत दीड तास. एक माणूस मध्येच घुसला. मी त्याला माझ्या पद्धतीने समजावलं. तो म्हणाला की तो शिपाई आहे आणि खिडकी उघडायला चाललाय. तरी मी शब्द मागे घेतले नाहीत. तत्त्वाचा प्रश्न होता. बाहेर पडलो. माझ्या पुढे दोनच जण राहिले होते.

२० नोव्हेंबर, गुरुवार
आमोस रात्रभर जागा होता, कारण मी कण्हत होतो. सकाळी त्याने आपलं आयकार्ड पुढे केलं. आमच्या कॉलेजच्या पोरांना ट्रस्टच्या एका दवाखान्यात कार्ड दाखवलं की उपचार फुकट. माझं कार्ड मी एच.ओ.डी. सरांच्या टेबलावर चार तुकडे करून ठेवलं होतं. त्यांनी हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू देणार नाही म्हटलं, तेव्हा. त्या क्षणाचा मला अजूनही अभिमान आहे. फक्त क्षण जरा घाईत आला.
आमोसला हे बरोबर वाटत नव्हतं. झोप त्याहून प्रिय होती.
फोटोत त्याला चष्मा आहे, म्हणून त्याचा चष्मा लावला. नंबर चार. दवाखान्याच्या पायऱ्या मोजून चढलो. कोणालाही संशय आला नाही.
डॉक्टरांनी एक्सरे पाहिला आणि विचारलं, भिंत की कपाट? मी म्हणालो, क्रिकेट. ते म्हणाले, करंगळीखालचं हे हाड क्रिकेटमध्ये मोडत नाही. चार आठवडे प्लास्टर.
प्लास्टरच्या खोलीत नर्सिंगच्या थर्ड इयरची मुलगी होती. रूथ. चष्म्यामुळे तिचा चेहरा नीट दिसला नाही, पण कळलं. आवाज असा की हाड आपोआप जुळावं. तिने कार्ड पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत कार्ड पाहिलं. दोनदा! मुली दोनदा कधी पाहतात हे मला माहीत आहे.
राजनंदिनी कोण?

२४ नोव्हेंबर
निश्चय: १) चिडायचं नाही. २) रूथला योग्य वेळी खरं नाव सांगायचं. ३) त्याआधी घरी सांगायचं.
आमोसकडून त्याची माहिती पाठ केली. आमोस आल्हाट, गाव नेवाशाजवळ, आई एलिझाबेथ अंगणवाडीत. आई दर रविवारी फोनवर विचारते, चर्चला गेलास का, आणि तो व्हय म्हणतो. वर्षभरात एकदाही गेलेला नाही. मी त्याला खोटेपणावर दोन शब्द सुनावले.

४ डिसेंबर, गुरुवार
तपासणीला गेलो. मधल्या दोन आठवड्यांत तीन वेळा गेलो होतो, प्लास्टर खाजतंय म्हणून. रूथने तिन्ही वेळा सांगितलं, खाजणारच.
आज तिने माझी माहिती कॉम्प्युटरवर भरली. कॉलेजच्या यादीतून पालकांचा मोबाइल नंबर आपोआप आला, आता पुढच्या तारखेचा मेसेज थेट घरी जाईल. किती सोय झाली आहे.
मग तिनेच विचारलं, कुठल्या चर्चला जाता? मी म्हणालो, शोधतोय. ती म्हणाली, रविवारी आमच्याकडे या, साडेनऊला उपासना.
तिने बोलावलं. स्वतःहून. खरं नाव सांगायची योग्य वेळ रविवारनंतर.

७ डिसेंबर, रविवार. सकाळी ८
आमोसने जुना चष्मा दिला, नवा त्याला हवाय म्हणे. पहाटेच कुठेतरी गेला. आता सारखे फोन करतोय. मी उचलत नाही. रूथबद्दल सांगितल्यापासून त्याचा चेहरा उतरलाय. मत्सर माणसाला असा पोखरतो. मोबाइल बंद करून निघतो. पांढरा शर्ट, बाही कापून प्लास्टर बाहेर.

७ डिसेंबर. दुपारी
आधी जसं झालं तसं लिहितो.
दोन गाणी झाली. मी ओठ हलवले. मग पाळक म्हणाले, आज पहिल्यांदा आलेल्यांनी उभं राहून नाव आणि गाव सांगावं. ही पद्धत आमोसने सांगितली नव्हती. त्याला तरी कशी माहीत असणार?
रूथ पुढे बसली होती. पांढरी ओढणी, बाकी धूसर. तिने मागे वळून पाहिलं. मी उभा राहिलो आणि खणखणीत सांगितलं, मी आमोस आल्हाट, गाव नेवाशाजवळ.
बायकांच्या बाजूने, मागच्या बाकावरून आवाज आला. "ह्यो आमोस असंल, तर माज्यासंगं आलाय त्यो कोन?"
चष्मा काढला. हातात पिशवी घेऊन एक बाई उभ्या. दाराशी आमोस, हातात मोबाइल. प्लास्टरच्या तारखेचा मेसेज काल रात्री बघून, लेकाचाच हात मोडला समजून, एलिझाबेथ मावशी पहिल्या एसटीने आल्या होत्या. तो त्यांना आणायला स्टँडवर गेला होता. रविवार म्हणून त्या आधी चर्चलाच निघाल्या, म्हणून तो तिथून मला फोन करत होता.
सगळं चर्च हसलं. पाळक हसले नाहीत. ते आमोसला म्हणाले, तुम्हालाही इथे पाहिलं नाही, आपणही नाव सांगा. त्यामुळे आमोसलाही नवीन म्हणून उभं राहावं लागलं. आईसमोर.
बाहेर आल्यावर वाटलं, आता पोलीस. मावशींनी प्लास्टर हातात धरून उलटंसुलटं पाहिलं, म्हणाल्या, दुखतंय का रं? रूमवर येऊन भाकरी-कालवणाचे घास मला स्वतः भरवले. आमोसला वाढूनही दिलं नाही. हाडासाठी आणलेले डिंकाचे लाडूही माझ्याच फडताळात ठेवले. जाताना म्हणाल्या, "लेकराचा हात मोडलाय ह्ये मला कळलं, तुज्या आयला न्हाई. घरला फोन लाव."
रूथकडे पाहायचं धाडस झालं नाही.

८ डिसेंबर
फोन करणार होतो. रेंज नव्हती.

९ डिसेंबर
रेंज होती. बॅलन्स नसावा, असं वाटलं.

१० डिसेंबर
केला. दादांनी, म्हणजे वडिलांनी, उचलला. शेतात होते, मोटर चालू होती, त्यामुळे सगळं दोनदा ओरडून सांगावं लागलं. हात मोडला. कॉलेज सोडलं. आमच्या रूमखालची सगळी गल्ली आता हे जाणते.
दादा मोटर बंद करून आले. म्हणाले, "कॉलेजचं पत्र दसऱ्यालाच आलंय. तुजी आय म्हनली, इचारू नका, पोरगं सोताहून सांगंल. म्हनून ती दर मंगळवारी परीक्षेचं इचारती."
मग ते म्हणाले, हात बरा होऊ दे, मग बघू. आणि मोटर परत चालू केली.

१८ डिसेंबर, गुरुवार
प्लास्टर निघालं. आधी नवा केसपेपर, खऱ्या नावाने. रांगेत एक तास उभा होतो. एकजण मध्ये घुसला, तो शिपाई असेल असं समजून गप्प बसलो.
चष्म्याशिवाय गेलो. रूथ पहिल्यांदा स्पष्ट दिसली. गालावर चिकनपॉक्सचा छोटा डाग आहे. इतकी सुंदर असेल असं धूसरपणात वाटलं नव्हतं.
माफी मागितली. पाठ केलेली, अकरा ओळी. ती कटर चालवत होती, निम्मी तिला ऐकूच आली नाही. मशीन बंद करून म्हणाली, "कार्डावर फोटो असतो हो. पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण हात खरंच मोडला होता. म्हटलं, चर्चमध्ये उभं राहिल्यावर तरी खरं नाव सांगाल."
आणखी एक गोष्ट सांगितली. गुरुवारी तिथे सगळ्यांनाच उपचार फुकट असतात. कार्ड लागतच नाही. मी पहिल्यांदा गेलो तो गुरुवार होता.
मग तिने केसपेपरवरून रजिस्टर भरलं. बिभीषण सहादेव कानगुडे, मिरजगाव. शिक्षण? मी म्हणालो, इंजिनिअरिंग, चालू. तिने पेन उचललं आणि वाट पाहिली. कोणीतरी वाट पाहत असलं की माझ्याकडून आता खोटं निघत नाही, नवीनच सवय लागली आहे. बारावी पास, म्हणालो. तिने तसंच लिहिलं. मग स्पंजचा चेंडू दिला. दिवसातून शंभरदा दाबायचा, दादा.
दादा.
रूमवर आलो. कपाटापाशी उभा राहिलो. हात बारीक झालाय, पांढरा पडलाय, बोटं अर्ध्यावर येऊन थांबतात. रूथ म्हणाली, पूर्ण मूठ वळायला तीन आठवडे.
आमोसने कॉलेजमध्ये चौकशी केली. पुन्हा प्रवेशाचा अर्ज एच.ओ.डी. सरांच्या सहीनेच होतो.
उद्याच जातो. मूठ वळायला लागायच्या आत गेलेलं बरं.