तीर्थपुरीचे घर शिवकन्येला

लिहून ठेवणार : आबाराव बद्रीनाथ तांगडे, वय ७१, निवृत्त शिक्षक, मूळ राहणार तीर्थपुरी, तालुका घनसावंगी, हल्ली मुक्काम मुलाच्या फ्लॅटमध्ये, तिसरा मजला, जालना.

कारणे लिहून ठेवतो की, गेल्या मार्चमध्ये मला अर्धांगवायू झाला. उजवा हात, उजवा पाय निकामी आहेत, जीभ जड आहे. बुद्धी शाबूत आहे. हा कागद मी डाव्या हाताने, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, अकरा रविवार लिहीत आहे. रविवारच का, तर त्या दिवशी सर्जेराव राऊत माझी दाढी करायला येतो, केस उडू नयेत म्हणून सूनबाई दार ओढून घेतात आणि मला अर्धा तास मिळतो. कागद तो टॉवेलात गुंडाळून आणतो आणि परत नेतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझी पत्नी गोपिकाबाई २०१६ साली वारली. मागे दोन अपत्ये. मुलगा कल्याण, ज्याच्याकडे मी आहे. मुलगी शिवकन्या, भोकरदन तालुक्यात दिलेली.

२. वडिलोपार्जित शेताबाबत लिहिण्यासारखे काही उरले नाही. २०१४ साली शिवकन्येने त्याचे हक्कसोडपत्र करून दिले. आमच्याकडे बहिणी भावासाठी अशा सह्या करतात, साडीचोळी घेतात आणि माहेर टिकले म्हणून समाधान मानतात. सही करण्याआधी तिने माझ्याकडे पाहिले होते. मी म्हणालो, जे सोडता येते त्यापासून माणूस मोकळा होतो. पुढे कल्याणने शेत विकले व हा फ्लॅट घेतला.

३. माझ्या वह्या, एकूण बत्तीस. यांचा खुलासा करावा लागेल. मी हायस्कुलात इतिहास शिकवला. १९८३ साली जालन्यात एका रद्दीवाल्याकडे पुठ्ठा फाटलेले मराठी पुस्तक मिळाले, रोमच्या जुन्या विचारवंतांविषयीचे. त्यांत एक बादशहा होता आणि एक लंगडा गुलाम, आणि नवल म्हणजे दोघांची शिकवण एकच. जे आपल्या ताब्यात नाही त्याचा शोक करू नये. मरणाची आठवण ठेवावी. झोपण्यापूर्वी दिवसभराच्या वागण्याची स्वतःच झडती घ्यावी. मला ते फार भावले. तेव्हापासून मी रोज झडती लिहिली, रागावणे सोडले, आणि गावाने माझे नाव रोमन गुरुजी ठेवले. मला ते आवडत असे, हे आता कबूल करायला हरकत नाही.

वही क्रमांक सतरा, १४ जून २०१०. त्या पानावर एवढेच आहे : ‘शिवकन्या आली. समजावून परत पाठवली. मन शांत.’

ती सकाळच्या एसटीने आली होती. ओठ फुटलेला होता. मी तिला ओट्यावर बसवून सांगितले की नवऱ्याचा हात तुझ्या ताब्यात नाही, तुझे मन मात्र आहे, ते सांभाळ. आतून गोपिकाबाई म्हणाली, “अवं, त्या तुमच्या रोमवाल्यायला लेकी न्हवत्या का?” मी उत्तर दिले नाही. उत्तर न देणे हाही मी त्या काळी सद्गुण समजत होतो. दुपारच्या गाडीने पोर परत गेली. त्या घरात तिचा डावा कान गेला. ती अजून तिथेच आहे, कारण निघून यायला तिला जागा नाही.

यात रोमन माणसांची चूक नाही. त्यांनी ते औषध स्वतःसाठी कुटले होते. मी ते लेकीला पाजले आणि गुण मला आला.

तरी वही सतरा शिवकन्येला द्यावी, म्हणजे तिचा बाप काय होता याचा पुरावा तिच्याजवळ राहील. बाकीच्या एकतीस जाळाव्यात किंवा रद्दीत घालाव्यात.

४. तीर्थपुरीचे घर, तीन खोल्या, ओटा, मागचे न्हाणीघर व बोअर, हे मी माझ्या पगारातून बांधले आहे. त्यात वडिलांचा किंवा मुलाचा पैसा नाही. हे संपूर्ण घर मी शिवकन्येस देतो. तिने तिथे राहावे, भाड्याने द्यावे, विकावे. मला माफ करावे अशी अट नाही. दहाव्याला यावे अशीही नाही. ती राहायला आली तर तिला समजावून परत पाठवण्याचा अधिकार भाऊबंद, पंच वा पाहुणे यांपैकी कोणालाही नाही.

५. बँकेत जे असेल ते कल्याण व सूनबाई दैवशाला यांना. त्यांनी माझे सगळे केले. खाऊ घालणे, पुसणे, कूस बदलणे, कशातही कसूर नाही. म्हणूनच मला काही बोलता येत नाही. शिवकन्येचा फोन आला की बाहेरच्या खोलीतून आवाज येतो, “अण्णा झोपलेत.” मी जागा असतो. लिफ्ट बंद आहे, त्यामुळे मार्चपासून मी जमीन पाहिलेली नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. जे ताब्यात नाही त्याचा शोक करू नये हे मी या पलंगावर रोज म्हणून पाहतो. दुपारपर्यंत टिकते.

६. शेजारी सुग्रीव याने २०११ साली माझी लोखंडी शिडी नेली व विचारले की आणून देतो म्हणतो. शिडी त्याचीच समजावी. रोमन पद्धतीने त्याला माफ करणे मला कधीच जमले नव्हते, आता कंटाळून करतो.

७. माझ्या शोकसभेत मी शांत वृत्तीचा होतो असे कोणी बोलू नये. भेटायला येणारे म्हणतात, गुरुजी किती शांत पडलेत. मी शांत नाही. मला राग आहे, पहिला स्वतःचा. जन्मभर शांतपणाचे नाव कमावल्यामुळे आता माझा राग कोणाला ओळखूच येत नाही.

८. शेवटचे व महत्त्वाचे. परवा कल्याण म्हणाला, “अण्णा, मंगळवारी रजिस्ट्रीवाले घरीच येऊन राह्यले. तीर्थपुरीच्या घराचं बक्षीसपत्र करून घेऊ माझ्या नावानं. तुम्ही फक्त अंगठा द्या, बाकी मी बराबर करतो.” मी नाही म्हणून जोराने मान हलवली. दैवशालाने मानेखालची उशी नीट केली.

घर जिवंतपणी बक्षीस गेले तर या कागदाला अर्थ उरत नाही, एवढा कायदा मला कळतो. म्हणून लिहून ठेवतो की मी सही करणारा माणूस आहे. डाव्या हाताने सही मी चार महिने गिरवली आहे, ती खाली आहे. आजच्या तारखेनंतर माझा अंगठा कोणत्याही कागदावर दिसला, तर तो माझ्या मर्जीचा नाही. माझी उजवी मूठ आजाराने आवळलेली आहे. मंगळवारी डावी मी स्वतः आवळून धरणार आहे.

हा कागद सर्जेरावने आपल्या दुकानातल्या आरशाच्या मागे ठेवावा व माझ्या तिसऱ्या दिवशी शिवकन्येच्या हातात द्यावा. हातातच, कोणामार्फत नव्हे.

ठिकाण : जालना
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

आबाराव बद्रीनाथ तांगडे
(सही, डाव्या हाताने)

साक्षीदार :

१. डॉ. सोमेश्वर जाधव, व्यायामोपचार तज्ज्ञ, जालना. अर्धांगवायूनंतर यांच्या हातापायांचा व्यायाम घ्यायला मी घरी येतो. आबाराव तांगडे यांनी आमच्या दोघांसमोर सही केली. ते पूर्ण शुद्धीत असून मजकूर समजून सही करीत आहेत, अशी माझी खात्री आहे.

२. सर्जेराव राऊत, केशकर्तनालय, जालना. मी गुरुजींचा विद्यार्थी, इतिहासात दोनदा नापास. सगळं वाचून पाह्यलं. सही करताना गुरुजी तीनदा थांबले. डॉक्टर म्हणले शुद्धीत आहेत लिही, म्हणून लिहितो. शुद्धीत होते. रडून राह्यले होते, पण शुद्धीत होते.