फेर्डीसाठी एक बोर्ड

गाम्पाल्स
६ नोव्हेंबर २०२३

चि. व्रोनी,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. तूही खुशाल असशीलच. तुझी आई इन्सब्रुकहून परत येते तेव्हा तुझी खुशाली पिशवी भरून आणते आणि मला त्यातली चिमूटभर देते. माझं पत्र बघून तू पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं असशील. घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. फोनवर आपण दोघं हवामानाच्या पलीकडे जात नाही, आणि मला विचारायचं आहे ते जरा लांबलचक आहे, म्हणून कागद घेतला.

ब्लेस गाय पुन्हा व्यायली, यंदा कालवड. आईची कंबर थंडीत धरते, पण जीभ कुठेच धरत नाही. स्की-शाळा मी एप्रिलमध्ये तरुणांच्या हाती दिली. शिक्षकाचं लाल जाकीट कपाटात टांगलं आहे. सकाळी उठून काय करायचं हा प्रश्न पहिले चार दिवस पडला, मग आईने कामांची यादी दिली.

आता मुद्दा. फेर्डीला स्नोबोर्ड घ्यायचा आहे. होय, आपला चीजवाला फेर्डी. या वयात माणसाला काय खूळ लागेल सांगता येत नाही. मी त्याला पुष्कळ समजावलं, की बाबा रे, देवाने दोन पाय दिले ते दोन स्कींसाठी, पण पालथ्या घड्यावर पाणी. स्नोबोर्डचं दुकान तुझं, दिवसरात्र तू त्यातच असतेस, म्हणून म्हटलं तुला विचारावं.

त्याची माहिती देतो. वय पासष्ट, वजन चौऱ्याऐंशी किलो, बूट पंचेचाळीस नंबरचा. डावा गुडघा अधू, त्यामुळे उजवा पाय पुढे ठेवून उभा राहतो. त्याला यंत्राने सपाट केलेल्या वाटांवर फिरायचं नाही, तिथे काय, कोणीही फिरतं. त्याला डोंगरातल्या आपल्या कढईतून उतरायचं आहे. कढई तू विसरली नसशील. वर डोंगराच्या खांद्यावर वारा बर्फ घासून काच करून ठेवतो, मध्ये कमरेइतका भुसभुशीत, लार्चच्या झाडांत कुठे लोणी तर कुठे दगड, आणि खाली ओढ्यापाशी दुपारी नुसती लापशी. या सगळ्याला पुरेल असा एकच बोर्ड हवा. चार घेतले तर बायको त्यालाच घराबाहेर काढेल.

सध्या तो एका जुन्या बोर्डावर शिकतो आहे. एकशे छप्पन्न सेंटिमीटरचा, पुढे लांब नाक, मागे अरुंद शेपूट, तळ तांबडा. कठीण बर्फावर बुटांची टोकं घासतात आणि तो आडवा होतो. मऊ बर्फात तर बोर्ड पुढूनच बुडतो, तहानलेली गाय ओढ्यात तोंड घालते तसा. दोन हिवाळे झाले, दर वेळी हाच प्रकार. बोर्ड मात्र चांगल्या हातातला दिसतो. डाव्या बाइंडिंगचा, म्हणजे बूट बांधतात त्याचा, पट्टा कधीतरी तुटला असावा. तो कोणीतरी शेळीच्या गळ्यातल्या घंटेच्या चामड्याने शिवला आहे. दुहेरी टाका, मेण लावलेला दोरा. इतक्या वर्षांत एक टाका उसवलेला नाही. ज्याने शिवला त्याला काम येतं.

घाई नाही. पण नाताळाआधी, अॅडव्हेंटच्या पहिल्या रविवारी चर्चसमोर स्कींना आशीर्वाद देतात, तोवर ठरलं तर फेर्डीला बरं वाटेल.

आपला,
योडोक गानाल
(फेर्डीतर्फे)

*

इन्सब्रुक
१३ नोव्हेंबर

ती. पप्पांस,
नमस्कार.

पाकीट खरंच उलटंसुलटं करून पाहिलं. शेवटची सही वाचून वाटलं, नगरपालिकेची नोटीस आली.

आधी बोर्डाचं बोलते, कारण गिऱ्हाइकाने इतकी नीट माहिती दिली की माझ्याने राहवत नाही. फेर्डीकाकांना एकशे त्रेसष्टचा बोर्ड लागेल, आणि रुंद अंगाचा. लांबी वजनावर ठरवायची. स्कीवाली माणसं बोर्ड हनुवटीला लावून मोजतात आणि मग रडत माझ्याकडे येतात. पंचेचाळीसचा बूट अरुंद बोर्डाबाहेर येणारच, घासणारच आणि पाडणारच. नाक लांब, किंचित वर उचललेलं, म्हणजे भुसभुशीत बर्फावर तरंगेल. पायांखाली मात्र कमान हवी, तरच वरच्या काचेत कड चावेल. फार कडक घेतला तर लार्चच्या झाडांत वळणार नाही, फार मऊ घेतला तर खांद्यावर थरथरेल, तेव्हा मधला. शेपूट नाकापेक्षा थोडंच अरुंद, कारण लापशीत मागे आधार लागतो. उभं राहायची जागाही मधोमध नाही, मागे सरकलेली. असा बोर्ड एकाच दिशेने जायला बनवलेला असतो.

आता ते बुडण्याचं. तुमचा तो परिच्छेद वाचताना माझी कॉफी टेबलावर सांडली. त्या बोर्डावर डावा पाय पुढे ठेवायची सोय आहे. फेर्डीकाका उजवा पुढे ठेवतात. म्हणजे ते बाइंडिंग न फिरवता त्यावर चढतात आणि शेपूट पुढे करून डोंगर उतरतात. दोन हिवाळे. पप्पा, तुमचा मित्र दोन वर्षं उलटा चालला आहे. एकंदर आठ स्क्रू आहेत. ते काढून बाइंडिंग फिरवायला दहा मिनिटं लागतात. चाळीस वर्षं गावाच्या स्की दुरुस्त करणारा माणूस शेजारी राहत असताना फेर्डीकाकांना हे कसं सुचलं नाही?

आणि फेर्डीकाका चौऱ्याऐंशी किलोचे होते ते बहुधा आठव्या वर्षी, त्यांच्या पहिल्या कम्युनियनला. अधू डावा गुडघा आणि पंचेचाळीसचा बूट असलेला गाम्पाल्समधला एकच माणूस मला माहीत आहे.

तो पट्टा मी शिवला होता. सतरा वर्षांची होते. माझ्या कामाला तुम्ही पहिल्यांदा चांगलं म्हणालात, तेही कोणी केलं ते माहीत नसल्यासारखं दाखवून.

पण तो बोर्ड तर तुम्ही शेगडीत घातला होता. जिन्यात उभं राहून तुम्हीच सांगितलंत. त्या एका वाक्यावर मी घर सोडलं, पप्पा. अठरा वर्षं झाली. आता मला नीट सांगा.

फेर्डीकाकांना नमस्कार.
व्रोनी

*

गाम्पाल्स
१८ नोव्हेंबर

चि. व्रोनी,
आशीर्वाद.

फेर्डीचा यात काही दोष नाही. त्याला अजून पत्ताही नाही की तो स्नोबोर्ड शिकतो आहे.

तुझं पत्र आईने मोठ्याने वाचलं, कारण माझा चष्मा सापडत नाही असं मी म्हणालो. शेपटाच्या परिच्छेदाला ती कंबर धरून हसली. कम्युनियनच्या वाक्याला तिला पाणी द्यावं लागलं. शेवटाशी आल्यावर मात्र तिने कागद माझ्या हातात दिला. म्हणाली, "हे तुझं तू वाच. चष्मा कपाळावर आहे."

बोर्ड जाळला नाही.

आशीर्वादाच्या त्या रविवारी चर्चच्या भिंतीला सगळ्या गावाच्या स्की ओळीने उभ्या होत्या आणि माझ्या स्कींच्या शेजारी तुझा बोर्ड. पाद्रीबाबा पवित्र पाणी शिंपडत अर्ध्या ओळीपर्यंत आले होते. मी तो बोर्ड ओळीतून ओढून काढला आणि म्हणालो, "इथे सर्कस नाही." सगळे लाल जाकीटवाले ऐकत होते. आपल्या घरात चार पिढ्या स्की शिकवत आल्या, पाचवी तू, आणि तू फळीवर आडवी उभी राहून जाणार. मला तुझी लाज वाटली होती. आज बोर्ड ओढून काढणाऱ्या त्या माणसाची वाटते.

घरी आल्यावर तू विचारलंस, बोर्ड कुठे आहे. मी म्हणालो, शेगडीत. खरं तर तेव्हा तो गोठ्याच्या माळ्यावर, वाळल्या गवताखाली होता. माझा हिशेब असा की दोन दिवस रडेल, मग मी काढून देईन, आणि वर मोठेपणाही मिळवीन. तू दोन दिवस थांबलीच नाहीस. सकाळची बस धरलीस. मी खिडकीतून बघत होतो. तू वळून पाहिलं नाहीस. मला अजून तुझी ती पाठच आठवते, निळ्या कोटातली.

मग खरं सांगायला रोज थोडा जास्त उशीर होत गेला. तिसऱ्या वर्षी गवत काढताना आईला बोर्ड सापडला. वाटलं, आता ही तुला फोन करणार. ती म्हणाली, "खोटं तू बोललास, तूच निस्तर. तुझ्या वाटणीचं एक अक्षर मी बोलणार नाही." तुझा हट्ट कुठून आला हे सगळे मला विचारतात.

दर ऑक्टोबरला मी त्याला मेण लावत आलो. कडांना गंज चढू दिला नाही. दोन वर्षांपूर्वी, स्की-शाळा सोडायचं मनात यायला लागलं तेव्हा, एका सकाळी तो काखेत मारला आणि गोठ्यामागच्या उतारावर गेलो. चाळीसवर वर्षं मी लोकांना बर्फावर उभं राहायला शिकवलं, आणि त्या सकाळी अकरा वेळा पडलो. आई कॉफी घेऊन बाकावर बसली होती. आकडा तिचाच आहे. बाराव्या खेपेला कुंपणापर्यंत गेलो. स्कींचे दोन आवाज येतात, याचा एकच येतो. मला फार आवडलं, व्रोनी. तू का ऐकत नव्हतीस ते कुंपणाला धडकल्यावर कळलं.

आता त्या आठ स्क्रूंचं. सुचलं नाही असं नाही. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं होतं. स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन बसलोही होतो. पण ते स्क्रू तू आवळले होतेस, तुझ्या पायांच्या मापाने. तुझ्या खोलीत आई शिवणाचं मशीन घेऊन गेली, तुझा पलंग पाहुण्यांना गेला. तू ठेवलं होतंस तसंच्या तसं घरात एवढंच उरलं होतं. ते माझ्याने फिरवलं गेलं नाही. म्हणून शेपूट पुढे करून उतरत राहिलो आणि पडत राहिलो. पडण्याचं काही नाही, बर्फ मऊ असतो.

मी चुकलो. चर्चसमोर चुकलो, जिन्यात चुकलो, आणि त्यानंतर रोज चुकलो. हे लिहायला दोन पत्रं आणि एक फेर्डी लागला.

पाद्रीबाबांना सांगून आलो आहे की तीन तारखेच्या रविवारी भिंतीला दोन बोर्ड असतील. ते म्हणाले, "एक तुमचा, हे पचायलाच मला आठवडा लागेल. दुसरा कोणाचा?" मी म्हणालो, ते अजून ठरायचं आहे. गाव हसेल. हसू दे. फेर्डी सगळ्यांत मोठ्याने हसेल, तो त्याचा हक्कच आहे.

नवा बोर्ड पोस्टाने पाठवू नकोस. पोस्टाचं काही खरं नाही. कोणाबरोबर तरी पाठव.

तुझे
पप्पा

*

इन्सब्रुक
२४ नोव्हेंबर

ती. पप्पांस,
नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं, दोनदा दुकानात. दुसऱ्या वेळी एका गिऱ्हाइकाने मला रुमाल दिला आणि काही न घेताच गेला.

राग गेलेला नाही. अठरा वर्षं मी शेगडीपासून लांब बसत आले, कोणाच्याही घरची शेगडी असली तरी. तो राग मी तिथे येऊन समोरासमोर काढणार आहे. आईला सांगा, कानात कापूस घालून बसायचं. मग कांदा करपेपर्यंत तळून पिठाच्या गोळ्यांचे क्नोपफ्ले करायचे, चीज फेर्डीकाकांकडचं.

बोर्ड निवडला आहे. एकशे त्रेसष्ट, रुंद, धुरकट हिरवा. बाइंडिंग लावलेलं नाही. ते तुम्हाला त्यावर उभं करून लावेन, उजवा पाय पुढे. पोस्टाचं काही खरं नाही, तेव्हा दोन तारखेला, शनिवारी, दुपारच्या बसने मीच घेऊन येते.

जुन्या बोर्डाच्या स्क्रूंना हात लावू नका. ते बरोबर आहेत. रविवारी तो भिंतीला मी उभा करीन.

सोमवारी कढई. तिथे कसं उतरायचं ते आत्ताच सांगून ठेवते. स्कीवर दोन माणसं शेजारी असली तरी दोघंही पुढेच बघतात. बोर्डावर माणूस आडवा उभा असतो. माझा डावा पाय पुढे, तुमचा उजवा. दरीकडे तोंड केलं तर मी डाव्या अंगाला राहीन, तुम्ही उजव्या. म्हणजे खांद्यापासून ओढ्यापर्यंत आपली तोंडं एकमेकांकडे राहतील. पाठ दिसणार नाही.

डावा पाय पुढे,
तुमची
व्रोनी