अष्टमीचं पाणी

डोंबिवली, मंगळवार, ३० नोव्हेंबर १९५४

सगळं मुसळ केरात! शुक्रवारी केळव्याच्या समुद्रावर जायचं. आधीच्या गोऱ्या साहेबाने विलायतेला परतताना दिलेली गळाची काठी तीन वर्षं नुसती पडून होती. माशाला भुलवायला गळाला लावायची खोटी माशी मी स्वतः कोंबड्याच्या पिसांची बांधली. आणि आज ऑफिसातले शिपाई पांडूदादा, ठाण्याच्या खाडीवरचे कोळी, विचारतात, "तिथी कंची?"

म्हटलं, अष्टमी.

"भाऊ, अष्टमीला भांगाची भरती. पानी नावाला चढतं, मासा काठाला कशाला येल? गेल्या आवसेला जायचा होता, उधानाला."

गेल्या अमावास्येला! रजा तेव्हाचीच मिळाली होती. आई म्हणाली, "अवसेला उंबरा ओलांडू नकोस," म्हणून मीच साहेबांच्या हातापाया पडून ती बदलून घेतली. गाढव मी!

सोमवारी बदलीवर नागपूरला हजर व्हायचं. तिथे कुठला समुद्र? कशाला जाऊ मग? पण जाणारच. त्या कोमट पाण्यात गुडघाभर उभा तरी राहीन.

पिसांच्या माशीची डबी आताच आईने पिशवीत ठेवली. म्हणाली, "बघ, दिवस कसा चांगला मिळाला!"

मी हो म्हटलं.