हजारातले नऊशे एकतीस

५ जानेवारी, सोमवार

नवी डिस्क हजार जीबीची. दाखवते नऊशे एकतीस. दुजोरा खुद्द सुदामचा, ज्याने ती विकली. त्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर लावून पाहिली, तिथेही तोच आकडा.

"येवढंच दखास, भो. सगळ्यास्नं येवढंच दखास."

म्हटलं, म्हणजे सगळ्यांनाच कमी देतोस? झेरॉक्सला आलेल्या दोन मास्तरीणबाई हसल्या. सुदाम हसला नाही. सांगू लागला, कंपनी हजारवर मोजस, कॉम्प्युटर एक हजार चोवीसवर... मी मध्येच थांबवलं. कमी भरलेल्या खताच्या गोण्यांवर बातम्या करण्यात माझी उमेद गेली. प्रत्येक दुकानदाराचा खुलासा 'कंपनी' याच शब्दापासून सुरू व्हायचा.

विसरवाडीत त्याचं दुकान नव्हतं, रस्त्याकडेला नुसतं टेबल होतं, तेव्हापासूनची आमची ओळख. परक्याने केलं असतं तर एवढं लागलं नसतं.

६ जानेवारी, मंगळवार

जुना कॉम्प्युटर सकाळपासून कुरकुरतोय. दामजीदादाची सगळी रेकॉर्डिंग त्यातच. किती हिवाळे त्याच्या सोंगाड्या पार्टीमागे कॅमेरा घेऊन डोंगरात फिरलो. मूळ कॅसेटना बुरशी लागली, त्या मागेच फेकल्या. आता जे आहे ते या डब्यात.

आणि दामजीदादाचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. त्याच्याही घशात नाही. गेल्या वर्षी ऑपरेशन झालं. गळ्याला टॉवेल गुंडाळून बसतो, फुसफुसतो. पार्टीच्या नाटकांचा एक शब्द कधी कुणी लिहिला नाही. सगळं त्याच्या तोंडात होतं. आता पोरांना पार्टी पुन्हा उभी करायची आहे, ती या रेकॉर्डिंगवरून.

म्हणून डिस्क. आणि म्हणून राग.

पाचच्या आत बातमी पाठवली. निवृत्त झालो तरी पाच वाजत आले की हात चालतो. "हार्ड डिस्कमध्ये जागा कमी, ग्राहकांत नाराजी." ग्राहक म्हणजे मी एकटा. दुकानाचं नाव दिलं नाही.

८ जानेवारी, गुरुवार

छापून आली. तालुका पानावर, वरच.

बायको, मंगला, पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "नाव नही दिधं म्हणतस. गावमा दुसरं दुकान शे का?"

दुपारी डिस्क परत करायला गेलो. सुदामने खोका उघडून पाहिला, वायर नीट गुंडाळून ठेवली.

"साहेब, तुमची डिस्क परत घेतली आहे. आणखी काही?"

साहेब. तुमची. आहे. इतक्या वर्षांत हा माणूस माझ्याशी शाळेतल्या मराठीत कधी बोलला नव्हता. चहा सांगितला नाही. काउंटरच्या काचेखाली बातमीचं कात्रण सरकवलेलं, गिऱ्हाइकाला दिसेल असं.

चोर तो चोर, वर... असो. चिडायचं नाही.

११ जानेवारी, रविवार

फाट्यावर बसथांब्याजवळ एक हातगाडी लागते. मोबाइलची कव्हरं, चार्जर, टॉर्च, सगळा सुरतेचा माल. त्याच्याकडे डिस्क होती. म्हटलं, आधी लावून दाखव. त्याने स्वतःचा लॅपटॉप उघडला.

"पूरा हजार, काका. गिन लो."

पूर्ण हजार. एक कमी नाही. घरी आणून माझ्या कॉम्प्युटरवर लावली. हजार.

सुदामच्या दुकानावरूनच आलो. तो बाहेर उभा होता. पिशवी मुद्दाम त्याला दिसेल अशी धरली, हे इथे लिहून ठेवतो.

१३ जानेवारी, मंगळवार

सगळी रेकॉर्डिंग हलवली. कॉपी करत बसलो नाही, कट करून तिकडे पेस्ट. जुना डबा कधी मान टाकेल सांगता येत नाही, दोन दोन ठिकाणी पसारा कशाला. रात्रभर चाललं होतं. सकाळी पाहिलं तर सगळी नावं जागच्या जागी: वर पुढाऱ्याची बस, खाली कंडक्टरचं सोंग, आंधळी सासू. पहिल्या दोन फायली लावून पाहिल्या. छान चालतात.

जुना कॉम्प्युटर बंद करून पलंगाखाली सरकवला. बातम्यांपुरता लॅपटॉप आहेच.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. दरवर्षी सुदामकडचा तिळगुळाचा डबा सगळ्यांत आधी येतो. यंदा नाही आला. मंगलाने आमचाही पाठवला नाही. विचारलं तर म्हणाली, "कोन्ह्या तोंडघाई पाठाडू?"

१८ जानेवारी, रविवार

पाड्यावर जाऊन आलो. दामजीदादा अंगणात खाटेवर, तूर वाळत घातलेली, कोंबड्या हाकलायला हातात काठी. कोंबड्यांना शुक शुकही करता येत नाही, त्याचंच त्याला हसू येतं.

त्याची सून मीना हल्ली पार्टीचं सगळं बघते. आमच्या दोघांत तीच दुभाषी. तो फुसफुसतो, ती मोठ्याने सांगते.

"बाबा विचारतात, कंडक्टरचं सोंग पूर्ण आहे ना? पोरांना अर्धंच येतं."

म्हटलं, पूर्ण आहे. अख्खं.

ते सोंग मी इतक्यांदा पाहिलंय. दामजीदादा एस.टी.चा कंडक्टर व्हायचा. बस नाही, घंटी नाही, म्हणून शेजारी बसलेल्या ढोलवाल्याचा कान ओढायचा. एकदा ओढला की गाडी थांब, दोनदा ओढला की चल. पहाटेपर्यंत कान लाल. आणि मधल्या थांब्यांवर तो ज्या माणसांना गाडीत चढवायचा, ती सगळी गावातलीच, समोर बसलेली. पाटील, गुरुजी, फादर, फॉरेस्टचा साहेब. ज्याचं नाव निघेल तो तोंड लपवायचा. त्यात दरवर्षी नवी भर.

ठरलं. १ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी. सगळी पार्टी अंगणात बसून ऐकणार. मी डिस्क आणि मोठा स्पीकर घेऊन जायचं. मीना म्हणाली, "माहेरचे पण येणार आहेत, सर. बाबांचा आवाज ऐकायला."

दामजीदादा काहीतरी फुसफुसला. ती हसायला लागली.

"म्हणतात, मी पण येईन ऐकायला. बरेच दिवस भेट नाही."

२२ जानेवारी, गुरुवार

आज जे कळलं ते क्रमाने लिहितो.

पेपरच्या नंदुरबार कार्यालयात फोन केला, दुसऱ्याच कामाला. तिथे कॉम्प्युटर सांभाळणारा मुलगा नवी डिस्क लावत बसलेला. सहज विचारलं, किती दाखवते रे?

"हजारची आहे, सर. म्हणजे नऊशे एकतीस."

कमी का?

"कमी कुठे? मोजायची रीत वेगळी. हजार दाखवली असती तर मी हातही लावला नसता."

फोन ठेवला आणि वडील आठवले. तापीकाठी आमचा कडबा जायचा तेव्हा शंभराला पाच पेंढ्या वरकड द्यायची पद्धत. नेहमीच्या गिऱ्हाइकाचा शेकडा एकशे पाचाचा. वडील शंभराने रचून ठेवत, तो स्वतःच्या शेकड्याने मोजून नेई. त्याचे शेकडे नेहमी कमी भरायचे, पेंढी एकही कमी नसायची. डिस्कचं तसंच. खोक्यावर कंपनीचा शेकडा, पडद्यावर कॉम्प्युटरचा. आणि ही वरकड एकदा लागत नाही. हजाराचे केबी, त्यांचे एमबी, त्यांचे जीबी, दर पायरीला चोवीस जास्त. साचत साचत जातं.

हे सुदाम सांगत होता. पहिल्या वाक्यातच सांगत होता.

मग दुसरा विचार आला आणि उठून उभा राहिलो. खरी डिस्क नऊशे एकतीस दाखवते, तर माझी पूर्ण हजार कशी दाखवते?

२३ जानेवारी, शुक्रवार

डिस्क लॅपटॉपला लावली. पहिल्या काही फायली चालतात. पुढची एकही नाही. नाव आहे, आकार आहे, तारीख आहे. उघडलं की काळा पडदा.

कंडक्टर नाही. सासू नाही.

डिस्कचा डबा स्क्रूड्रायव्हरने उचकटला. आत नखाएवढं मोबाइलचं कार्ड, डिंकाने चिकटवलेलं, आणि वजन यावं म्हणून लोखंडाचा तुकडा. कार्डात मावलं तेवढं राहिलं. बाकी सगळ्याला "आलं, आलं" म्हणत गेलं आणि टाकून दिलं. हजार हा आकडा कुणीतरी नुसता सांगायला शिकवून ठेवलेला.

फाट्यावर गेलो. गाडी नाही. शेजारचा वडापाववाला म्हणाला, "तो? तो तं कव्हयना गया."

त्याच्यावर राग येतो, पण टिकत नाही. तो मला ओळखत नव्हता, मी त्याला नाही. त्याने मला हवं होतं तेच दाखवलं. दगा शोधायचा तर फाट्यापर्यंत जायचं कारण नाही.

२५ जानेवारी, रविवार

सुदामकडे गेलो. जुना कॉम्प्युटर रिक्षात घालून. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाकावर बसून राहिलो. सगळं सांगितलं. पिशवी मुद्दाम दाखवली होती, तेही सांगितलं.

"दिसली होती," म्हणाला.

मग कामाचं. जुना डबा त्यानंतर सुरू केला होता? नाही. त्यावर काही नवं टाकलं? नाही. कट केलं की जुन्या जागेवरचं लगेच पुसलं जात नाही, म्हणाला, फक्त ती जागा मोकळी म्हणून दाखवते. वर काही लिहिलं गेलं नसेल तर निघू शकतं. पण जुन्या डब्यातली डिस्क आधीच खराब आहे. "मी शब्द देत नाही, साहेब. दिलेला पुरत नाही असं तुम्हीच लिहिलंय."

डबा त्याच्या टेबलावर ठेवून निघालो.

घरी येऊन खुलासा लिहिला. दुजोरा न घेता बातमी दिली, चूक वार्ताहराची, विक्रेत्याची नाही. पाचच्या आधी पाठवला.

२८ जानेवारी, बुधवार

सव्वीस जानेवारीच्या सुट्टीमुळे काल पेपर नव्हता, आज खुलासा छापून आला. आतल्या पानावर, निविदा सूचनांच्या खाली, चार ओळी. "चूक वार्ताहराची" एवढं डेस्कने कापलं. राहिलं ते "गैरसमजातून". निवृत्तीपर्यंत मीच नव्या पोरांना सांगायचो, खुलासा चार ओळींच्या वर नेऊ नये.

दुकानावरून गेलो. जुनं कात्रण काचेखाली तसंच. शेजारी नवं नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

दामजीदादा घसा दाखवायला विसरवाडीला आला होता, मीनाबरोबर. बसथांब्यावर गाठलं. रविवारच्या आत सांगणं भाग होतं. स्पीकर घेऊन अंगणात उभं राहून सांगण्यापेक्षा इथे बरं.

सांगितलं. मीनाचा चेहरा उतरला. "सर, तुम्ही म्हणालात अख्खं आहे."

म्हणालो होतो.

दामजीदादा ऐकत होता. रागावला असता तर बरं झालं असतं. फक्त टॉवेल सारखा केला आणि फुसफुसला. आज मीनाने मोठ्याने सांगितलं नाही, पण मला ऐकू आलं.

"मग आता खरंच गेला आवाज."

त्यांची एस.टी. लागली. मीना चढली. तो पायरीपर्यंत गेला, वळला, परत आला, आणि सगळ्या थांब्यासमोर माझा कान पकडून ओढला. चांगला जोरात. शेंगदाणेवाली हसली.

एकदाच ओढला. मग गाडीत जाऊन पलीकडच्या खिडकीशी बसला.

३१ जानेवारी, शनिवार

दिवसभर फोनकडे पाहत होतो. मीनाचा आला. अंगण सारवलंय, माहेरची माणसं आजच आली, बाबांनी कुणालाच काही सांगितलं नाही. "त्यांना म्हटलं, रद्द करू? तर मान हलवतात, नाही. सर, काय करायचं?" म्हटलं, मी येतोय. काय घेऊन, ते उद्या कळेल.

संध्याकाळी सुदामचा.

"काही फायली निंघन्यात. नावं नहीत, नुस्ते आकडा शेतस. कोन्ह्या शेतस ते माले काय माहीत? तू ये नि आयकी सांग. सकाळे लवकर ये, भो, दुकान उघडी ठेवस."

किती निघाल्या, ते ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

उद्या सकाळी त्याच्याकडे. एकेक लावायची, ऐकायची, ओळखायची. त्यातल्या काही चालतील, काही चालणार नाहीत. कंडक्टर असेल किंवा नसेल. दुपारी, जे असेल ते घेऊन, डोंगरात. अंगणात सगळे बसलेले असतील. मी दामजीदादाच्या शेजारी बसणार आहे, ढोलवाला बसायचा त्या बाजूला, कान त्याच्या हाताला येईल असा.