मोडक्या खुर्चीला चार गुण

१२ मार्च

राज्यभर एकाच वेळी होणारी ती चाचणी आज आमच्या शाळेत पार पडली. माझ्या वर्गात तर फारच सुरेख. सूचनांची पुस्तिका मोठ्याने वाचून दाखवायची असते, जशीच्या तशी, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. मी आवाजात चढउतार घालून वाचली. येथे थांबावे व विद्यार्थ्यांकडे पाहावे, हेही वाचलं. ते शिक्षकांसाठी होतं म्हणे. मुलं फिदीफिदी हसली. मुलांचा ताण हलका व्हावा म्हणून मुद्दाम केलं, असं मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं. सांगितल्यावर लक्षात आलं, खरंच मुद्दामच केलं असणार.

२ एप्रिल

निवड झाली! भाषेचे पेपर तपासायला आमच्या शाळेतून दोघं. मी आणि खेळाचे सर. मी गुणवत्तेवर. खेळाचे सर, मैदान उकरून ठेवलंय आणि त्यांना सध्या काम नाही म्हणून.

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी वरच्या वर्गांची भाषा कुणाला द्यायची ते ठरायचंय, तेव्हा तपासणीत कोण कसं काम करून येतं ते बघते. म्हणजे मलाच. खेळाचे सर काय, शिट्टी वाजवून कविता शिकवणार? पाचवीला शुद्धलेखन घालून घालून माझा जीव विटलाय. कुणाला तरी एकदा एखादी कविता नीट समजावून सांगायचीय, एवढंच माझं मागणं आहे.

घरी सांगून टाकलं, वरचे वर्ग मिळाले. बायकोने विचारलं, तसं लेखी दिलंय का. तिचं सगळं असं असतं.

संकल्प: आठवड्याच्या आत गटप्रमुख व्हायचं.

३ एप्रिल, संध्याकाळ

प्रशिक्षण. कॉलेजचा हॉल, रांगेने कॉम्प्युटर, एसी नेमका माझ्या डोक्यावर. मुलांची उत्तरं स्कॅन होऊन स्क्रीनवर येतात. नाव नाही, शाळा नाही. शून्य ते चार गुण. प्रत्येक उत्तर दोघं जण तपासतात, एकमेकांना न कळता. दोघांचे गुण जुळले की त्याला म्हणायचं मेळ. मेळ सत्तर टक्क्यांच्या खाली गेला की पुन्हा प्रशिक्षण. तरीही गाडी रुळावर आली नाही तर घरी. कच्च्या लोकांसाठी अशी सोय हवीच.

गुण कसे द्यायचे त्याचा एक तक्ता आहे, त्याला रुब्रिक म्हणतात. विषयाला धरून लिहिलंय का, कारण दिलंय का, कारण फुलवलंय का. संपलं. आवडलं का, हा रकानाच नाही! आमच्या गटप्रमुख बाईंच्या नजरेस आणून दिलं. त्यांनी जाड भिंगांचा चष्मा काढला आणि म्हणाल्या, सर, आवडणं घरी ठेवून यायचं.

पात्रता चाचणीत पहिल्यांदा नापास. माउस अडकत होता. दुसऱ्यांदा काठावर पास. खेळाचे सर पहिल्या फटक्यात पास. त्यांचा माउस चांगला होता.

४ एप्रिल

गुप्ततेचं वचन दिलंय. प्रश्न, उत्तर, काही म्हणजे काही बाहेर फोडायचं नाही. म्हणून प्रश्न इथे लिहीत नाही. (घरातली एखादी जुनी वस्तू, जी तुम्ही टाकून देत नाही, तिच्याविषयी लिहा.)

मेळ ५८. माझ्या जोडीला जो कोणी अदृश्य माणूस बसवलाय त्याला ओ की ठो कळत नाही. एका मुलीचं अक्षर मोत्यासारखं, मी चार दिले, त्याने दोन. एका वात्रटाने लिहिलं, आमच्या घरात सर्वांत जुनी वस्तू म्हणजे आजोबा. मी शून्य दिला. त्या माणसाने तीन! मोठ्यांचा मान म्हणून काही असतो की नाही?

खेळाचे सर ९१. ते गुण देताना शीळ घालतात. जबाबदारीची जाणीव नाही.

बायकोने विचारलं, किती आले. म्हटलं, आकडे अजून स्थिर व्हायचेत.

६ एप्रिल

मर्म सापडलं. चहाच्या वेळी खेळाचे सर म्हणाले, मधूनमधून सापळ्याचे पेपर सोडतात. तज्ज्ञांनी त्यांचे गुण आधीच ठरवून ठेवलेले असतात. आपले त्यांच्याशी जुळतात का ते बघायचं. आपल्याला ओळखता येत नाहीत, म्हणाले. आपल्याला म्हणजे त्यांना. मला पाच मिनिटांत यायला लागले. अक्षर नेटकं, समास सोडलेला, खाडाखोड नाही, की समजायचं सापळा! अशा प्रत्येक पेपरवर मान तिरकी करून, तज्ज्ञासारखा विचार केला. बाकीचे उरकले.

मेळ ५४. सिस्टीममध्ये गडबड दिसते.

जाताना गटप्रमुख बाईंना हळूच म्हटलं, आज तुमचे सगळे सापळे पकडले बरं का. त्या म्हणाल्या, आज तुम्हाला एकही पाठवला नव्हता. हुशार बाई. कबूल कशाला करतील.

७ एप्रिल

पुन्हा प्रशिक्षण. अर्धा दिवस. माझ्याशिवाय आणखी एकच बाई होत्या, त्याही पहिल्या दिवशी आजारी होत्या म्हणून आलेल्या. प्रशिक्षकाला बरीच नवी माहिती दिली. त्याने वहीत काही टिपून घेतलं नाही.

तिथेच बेत सुचला. शून्य ते चारच्या मधोमध काय? दोन. सरसकट दोन द्यायचे. चुकलं तरी थोडक्यात चुकणार, फार अंतर पडायचा प्रश्नच नाही. इतकी साधी गोष्ट आजवर कुणाच्या डोक्यात येऊ नये!

८ एप्रिल

मेळ ३९.

दुपारी गटप्रमुख बाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ. मग विचारलं, दोनशिवाय बाकीची बटणं बंद पडलीत का, माणूस बोलावू का. म्हटलं, छे, सगळी चालतात. त्या म्हणाल्या, मग वापरा की. आणि हेही म्हणाल्या की उद्यापासून नाही जमलं तर माझा नाइलाज आहे.

मुख्याध्यापिकाबाईंचा फोन. कसं चाललंय? सांगितलं, मध्यममार्ग काढलाय. त्या म्हणाल्या, खेळाच्या सरांचं फार चांगलं ऐकते आहे. मीही म्हटलं, हो, शीळ छान घालतात.

बायकोने तिच्या बहिणीलाही सांगून टाकलंय वरच्या वर्गांचं. मीच सांगायला लावलं होतं. आज तीनदा उठून पाणी प्यायलो. एसीमुळे असेल.

९ एप्रिल, दुपार

संकल्प: आजपासून फक्त रुब्रिक. मन बंद. यंत्र व्हायचं.

सकाळभर यंत्र. विषय आहे, कारण आहे, फुलवलंय, तीन. पुढे. विषय आहे, कारण नाही, एक. पुढे. मेळ ७८! बाईंनी लांबून मान हलवली. वरचे वर्ग डोळ्यांसमोर दिसायला लागले. फळ्यावर कवितेच्या पहिल्या दोन ओळी लिहिल्यात आणि सगळा वर्ग चिडीचूप, असं.

आणि मग स्क्रीनवर ते उत्तर आलं. वेडंवाकडं अक्षर. "आमच्या घरी एक जुनी खुर्ची आहे. तिचा एक पाय मोडला आहे. आम्ही ती टाकत नाही. कारण तिच्यावर बाबा बसतात."

संपलं. पुढे काही नाही.

मी माउस सोडून हात मांडीवर घेतले. कारण तिच्यावर बाबा बसतात! अहो, काय वाक्य आहे. मोडक्या खुर्चीवर तोल सांभाळत बसणारे ते बाबा. घरातलं कुणी त्यांना ऊठ म्हणत नाही. ते पोर कोपऱ्यातून सगळं बघतंय आणि चार वाक्यांत सांगून मोकळं होतंय. चार दिले. पाच असते तर पाच दिले असते.

९ एप्रिल, संध्याकाळ

बायकोला, गुप्तता पाळून, फक्त उत्तर तोंडपाठ म्हणून दाखवलं. ती म्हणाली, अगंबाई, मोडक्या खुर्चीवर बाबांना कशाला बसवतात, पडतील ना. म्हटलं, तेच तर! तिला सगळं उलगडून सांगितलं. बाबांचं गप्प राहणं, मुलाचं बघणं. तिने विचारलं, एवढं सगळं लिहिलंय त्याने? म्हटलं, नाही लिहिलं, म्हणून तर चार. ती म्हणाली, मग मीही काही लिहिलं नाही, मलाही द्या.

१० एप्रिल

स्क्रीनवर लाल पट्टी. तुमचे गुण चार, ठरलेले गुण एक. म्हणजे तो सापळा होता! तज्ज्ञांचं इतकं चुकावं?

बाईंनी टेबलापाशी बोलावून घेतलं. म्हणाल्या, बाकी तुमचं आता ठीक चाललंय, हे एक मान्य करा, पुन्हा असं होणार नाही म्हणा, मी सांभाळून घेते. मी नाही म्हटलं. वरचे वर्ग जातील असं एकदा मनात येऊन गेलं. पण ज्याला हे उत्तर कळत नाही त्याने कविता काय शिकवायची?

चहाच्या वेळी मी हॉलमध्ये खुर्चीवर उभा राहून बोललो. ते पोर, ते बाबा, आणि आपण त्यांच्या पदरात टाकलेला तो एक गुण. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे टिपले. खेळाचे सर चहात बिस्किट बुडवून ऐकत राहिले, ते बिस्किट तुटून कपात पडलं. मी म्हटलं, हे मूल शोधून काढा, उद्या मोठं नाव काढेल! टाळ्यासुद्धा पडल्या.

गटप्रमुख बाई तेवढ्या टाळ्या वाजवत नव्हत्या. खाली बघत होत्या. लाज वाटली असणार.

११ एप्रिल

बाईंनी सकाळीच स्टोअररूममध्ये नेलं आणि दार लोटून घेतलं. म्हणाल्या, सर, कुणाला सांगू नका. ते उत्तर मी लिहिलंय.

एक गुणाचे स्पष्ट नमुने यंदा कमी पडत होते. म्हणून दोन-तीन त्यांनीच तयार केले, डाव्या हाताने, मुलाचं वाटावं असं अक्षर काढून.

मी विचारलं, खुर्चीच का. म्हणाल्या, तेव्हा खुर्चीवर बसले होते. मोडकी का? वस्तू जुनी हवी होती. आणि बाबा? म्हणाल्या, एक कारण द्यायचं होतं, न फुलवता.

मला फार वाईट वाटलं. उगाच कशाला लपवू. दोन दिवस मी त्या बाबांना ओळखत होतो. त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलंय इथपर्यंत ओळखत होतो. ते नाहीतच म्हटल्यावर करायचं काय?

शेवटी म्हटलं, बाई, तुम्ही लिहीत का नाही? म्हणाल्या, लिहिलं ना, आणि मीच त्याला एक गुण दिला. मग उगाचच चष्मा पुसत बसल्या.

१२ एप्रिल

माझी विशेष विभागात नेमणूक झालीय. घरी तसंच सांगितलंय. कोपऱ्यातला कॉम्प्युटर, एकट्याचा, डोक्यावर एसी नाही. स्कॅनरला कोरी वाटलेली उत्तरं इथे येतात. माणसाने एकदा नजर टाकायची, कोरं असेल तर शून्य द्यायचा. पुढचं.

मेळ १००. खेळाचे सर ९३. बघा आता!

लगेच मुख्याध्यापिकाबाईंना फोन लावून आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, अरे वा, वा. आणि म्हणाल्या की वरच्या वर्गांची भाषा खेळाच्या सरांना द्यायचं ठरलंय, मैदानाचं काम काही लवकर आटपत नाही.

मी त्यांचं अभिनंदन केलं. खेळाच्या सरांचंही केलं. त्यांनी विचारलं, कविता शिकवताना सुरुवात कशी करायची असते हो? दहा मिनिटं समजावून सांगितलं. ते नीट ऐकत होते. तेच जास्त लागलं.

बायकोला म्हटलं, खरं महत्त्व पाचवीचं, पाया तिथे पक्का होतो. तिने न मागता चहा करून दिला. लक्षण ठीक नाही.

१५ एप्रिल

शेवटचा दिवस. सकाळपासून कोरी पानं. शून्य, शून्य, शून्य. हात सरावलाय.

जेवणानंतर एक पान आलं. कोरं. शून्य देणार तेवढ्यात वाटलं, नाही. मोठं करून बघितलं, स्क्रीनचा उजेड वाढवला, नाक काचेला टेकवलं. कोरं नव्हतं ते. कुणीतरी वरपासून खालपर्यंत पान भरून लिहिलं होतं आणि रबराने सगळं खोडून टाकलं होतं. ओळी दिसत होत्या, शब्द लागत नव्हते. शेवटच्या ओळीशी तर कागद फाटला होता.

हे बाईंनी लिहिलेलं नाही ना, ते आधी जाऊन विचारून आलो. त्या म्हणाल्या, मी कोरं कशाला लिहीन.

एक गुण दिला.

लाल पट्टी आली. तिकडच्या अदृश्य माणसाने शून्य दिला होता. बाई उठून आल्या. माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनी ते पान बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, हो, दिसतंय मलाही. पण वाचता येत नाही ना सर, शून्य करा.

मी केलं.

मेळ पुन्हा १००. सबंध हॉलमध्ये सर्वांत जास्त. निघताना बाईंनी तो आकडा फळ्यावर लिहिला आणि सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. घरी आल्या आल्या सांगितलं. बायकोला खूप आनंद झाला.