मनोंगचा मेंदू

९ नोव्हेंबर
मनोंग गेला! माझा थोरला भाऊ. लुबागच्या रोगानं पिळून पिळून नेलं त्याला — आधी पाय, मग मान, मग जीभ.
नानायचा, आईचा फोन आला. "तोतो, इलोइलोच्या डॉक्टरीणबाई आल्यात. अभ्यासाला त्याचा मेंदू मागतायत. तुझे वडील नाहीत, आता घरचा पुरुष तू. काय सांगू?"
नाही म्हणून सांग! शवपेटीभोवती रिवाजानं अख्खं गाव रात्रभर पत्ते खेळत जागणार, आणि आत माझा भाऊ अर्धामुर्धा?
आई एवढंच म्हणाली, "बरं."
हॉटेल रजा देत नाही. मकावातच बसायचं.

१३ नोव्हेंबर
पुरलं त्याला. फोनवर पाहिलं. चित्र सारखं अडकत होतं.

१५ नोव्हेंबर
आमच्या हॉटेलच्या मोठ्या हॉलात मेंदूवाल्यांची परिषद. आशियातल्या कुठल्याकुठल्या देशांचे लोक, पण संस्था एकच. मेंदूतली रसायनं शोधतात म्हणे. त्यांची चित्रं लावायला आम्ही फळे उभे केले. "कॉफी आटली की विज्ञानही आटतं बघ!" — माझ्यासोबत कामाला असलेला विल्बर्ट. मग माझ्या पायांकडे बघून, "डाव्याच बुटाला राबवतोस होय रे? कड पार झिजली!" असू दे. स्वस्तातला माल.
एका फळ्यावर मोठ्या अक्षरांत — लुबाग! तिथेच थांबलो. चित्राजवळची पोरगी आमच्याच बोलीत म्हणाली, "कापिझचे का तुम्ही? लुबाग तिकडच्याच घराण्यांत उतरतो." जोव्हेलिन नाव, इलोइलोची.
"मेंदू आपल्याकडचा, यंत्र जपानचं, मोजणारी व्हिएतनामची. ही संस्था नसती तर आम्ही एकमेकींना कुठं भेटलो असतो? माझं तिकीटसुद्धा तिनंच काढलं."
औषध कधी निघेल, विचारलं.
"मेंदूच मिळत नाहीत, मनोंग. घरचे नाही म्हणतात."
मला मनोंग म्हणाली! ट्रे उचलला आणि निघालो.

१६ नोव्हेंबर
जेवण जात नाही. एक शब्द — नाही. किती पटकन बोललो!

१७ नोव्हेंबर
परिषद संपली. तिचं चित्र मीच गुंडाळून दिलं. सांगणार होतो. ओठांपर्यंत आलं. "सांभाळून न्या" एवढंच म्हणालो. मूर्ख!

१९ नोव्हेंबर
आईला फोन केला. म्हटलं, चुकलो गं. द्यायला हवा होता.
तिनं ऐकून घेतलं. मग — "दिला मी. तुला विचारलं ते तुझा मान राखायला. तोवर डॉक्टरीणबाई घेऊन गेल्या होत्या."
माझ्या उत्तराआधीच? का गं?
"ईस्टरला आलास ना, तेव्हा अंगणात चालताना बघत होते. तुझं डावं पाऊल आत वळतं, तोतो."