परीक्षेआधी बरा झालेला कान

प्रति,
मा. प्राचार्य,
पदव्युत्तर परिचर्या महाविद्यालय,
जि. बुलढाणा
(महाविद्यालयाचे पूर्ण नाव लिहीत नाही. ते गेटच्या कमानीवर आहे, दोन ओळींत, आणि त्यात आपल्या संस्थेच्या तीन पिढ्यांची नावे आहेत. माझा कागद तेवढा रुंद नाही.)

अर्जदार : इंद्रभान तुळशीराम अंभोरे, मोटार वायंडिंगवाले, रा. खैरवंड, पो. डोणगाव, ता. मेहकर, जि. बुलढाणा

विषय : माझी नात कु. रेणुका संघर्ष अंभोरे, इयत्ता आठवी, हिचा कान आपल्या प्रात्यक्षिक परीक्षेआधीच बरा होऊ लागल्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनी मंजुश्री यांना आपण दिलेले ज्ञापन. (ते मला दिलेले नाही. पण माझ्या ओट्यावर बसून, रडत रडत, मोठ्याने वाचले गेले. सबब ते मला पोचले असे समजावे.)
२) आपल्या विभागप्रमुख राखी मॅडम यांच्या तोंडी सूचना.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, आमचे खैरवंड गाव आपल्या महाविद्यालयाने सामुदायिक आरोग्याच्या अभ्यासासाठी दत्तक घेतलेले आहे. तसा बोर्ड ग्रामपंचायतीसमोर लावलेला असून त्यावर आपला फोटो आहे. दत्तक घेतलेल्या लेकराला लोक घरी नेतात, खाऊ-पिऊ घालतात. आपण आम्हाला दत्तक घेतले ते आमच्याच घरी ठेवून, आणि दरवर्षी हिवाळा लागला की मुली पाठवता, आम्ही अजून तसेच आजारी आहोत ना, हे पाहायला. याबद्दल तक्रार नाही. मुली चांगल्या घरच्या असतात, नमस्कार करतात, चहा घेतात.

१. आपल्या शिक्षणात घरी जाण्याची एक रीत शिकवली जाते. मुलगी येते, ओट्यावर वर्तमानपत्र पसरते, त्यावर बॅग ठेवते. मग घड्याळ काढते, बाह्या वर करते, आमच्या रांजणातले पाणी मागते, साबण लावून कोपरापर्यंत हात धुते. मग बॅग उघडते. मग काही आठवते, बॅग मिटते, पुन्हा हात धुते. आमच्याकडे नळाला पाणी कधी येते ते नळालाच माहीत. एकदा माझ्या बायकोने, म्हणजे तानाबाईने, तांब्या धरून धरून हात भरून आल्यावर विचारले होते, "कावं पोरी, एवढे हात धुतले, आता कानाले तं लाव!" ती मुलगी म्हणाली, "आजी, आज फक्त निरीक्षण आहे."

२. कान रेणुकाचा. डावा. ती बालवाडीत असल्यापासून वाहतो. तिचे आईबाप पुण्याकडे कंपनीत कामाला असल्याने ती आमच्याजवळ राहते. शाळेतील आरोग्य तपासणीत हा कान आपल्याच एका जुन्या तुकडीला सापडला आणि त्या दिवशी मुलींना जो आनंद झाला तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. तेव्हापासून आमचे कुटुंब दत्तक गावातले खास दत्तक कुटुंब झाले. प्रत्येक तुकडी येते, कानात बॅटरी मारते, आमच्या घराची लांबी-रुंदी मोजते, खिडक्या मोजते (एकच आहे, दरवर्षी तेवढीच भरते), आणि शेवटी आमची समस्या लिहिते. समस्या अशी : "कुटुंबात कानाच्या निगेविषयी ज्ञानाचा अभाव." कान रेणुकाचा वाहतो आणि अभाव आमच्या डोक्यात निघतो. मग तो भरून काढायला रंगीत तक्त्यावर कानाचे चित्र दाखवून भाषण होते. कानात काडी घालू नका, तेल घालू नका. आम्ही कधी घातले नव्हते, पण मान हलवतो, टाळ्या वाजतात, फोटो निघतो. पुढच्या हिवाळ्यात आमचे ज्ञान पुन्हा आटलेले असते.

या काळात एकाही तुकडीने, मॅडमने किंवा खुद्द आपण, ही मुलगी कानाच्या डॉक्टरला दाखवा आणि हा घ्या रस्ता, असे म्हटलेले नाही. मी तिला खामगावला खाजगीत दाखवले होते, थेंब आणले होते, संपले की पुन्हा वाहायचे. आपल्या लोकांसाठी कान हा शिकायचा विषय होता. बरा करायचा विषय कोणत्या सत्रात येतो ते मला माहीत नाही.

३. यंदा मंजुश्री आली. ती आधी दवाखान्यात नोकरी केलेली सिस्टर आहे, रजा घेऊन एम.एस्सी. करते. तिनेही वर्तमानपत्र पसरले, तिनेही हात धुतले. मी तानाबाईला म्हटले, "घे, आली हात धुनारी." पण या पोरीने कानाला हात लावला. स्वच्छ कापसाची वात करून कान कसा कोरडा करायचा ते तानाबाईच्या हातून करवून घेतले, चुकले की रागावली. अंघोळीला कानात बोळा घालायला लावला. सुटीच्या दिवशी स्वतः एसटीने रेणुकाला आणि मला बुलढाण्याला मोठ्या दवाखान्यात नेले, रांगेत उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, पडद्याला छिद्र आहे, आधी कान कोरडा करा, कोरडा राहिला तर नवा पडदा बसवू. औषध दिले. मंजुश्री येत राहिली. आणि कान कोरडा झाला, महोदय. पहिल्यांदा. तिची उशी सकाळी साफ निघू लागली. डॉक्टरांनी पाहून ऑपरेशनची तारीख दिली, आणि बजावले की आता चुकवू नका. पुन्हा वाहू लागला तर सगळे मुळापासून, आणि उजव्या कानावरही आताच ताण आहे.

तारीख दहा डिसेंबर. आपली प्रात्यक्षिक परीक्षाही दहा डिसेंबर.

४. त्यानंतर राखी मॅडम पाहणीला आल्या. त्यांनी कानात बॅटरी मारली आणि त्यांचा चेहरा असा उतरला की तानाबाई पाणी आणायला धावली. "हा कोरडा कसा झाला?" असे त्यांनी मंजुश्रीला विचारले. त्या मला म्हणाल्या, "इंद्रभानजी, ही केस परीक्षेसाठी मंजूर झालेली आहे. बाहेरून परीक्षक येणार. त्यांना काय दाखवायचं? ऑपरेशन काही पळून जात नाही, परीक्षा वर्षातून एकदाच असते." मी म्हटले, "मॅडम, कान बी पोरीले एकदाच भेटते." त्यावर त्या म्हणाल्या की, मग निदान थेंब तरी थोडे दिवस थांबवून पाहा, परीक्षेपुरता जरासा ओलावा आला तर मुलीचे वर्ष वाचेल. मला वाटले माझ्याच ऐकण्यात काही चुकले. मी पुन्हा विचारले. त्या पुन्हा तेच म्हणाल्या, "जरासाच." बाई वाईट आहे असे मी म्हणत नाही. तिने स्वतःच्या डब्यातला लाडू रेणुकाला दिला. पण आजारासाठी देव पाण्यात घालणारी नर्स मी पहिल्यांदाच पाहिली.

५. त्यानंतर मंजुश्रीला आपले ज्ञापन मिळाले. त्यातील वाक्य मला पाठ झाले आहे, कारण असे मराठी मी आजवर वाचले नव्हते : "मान्य नियोजनात अंतर्भूत नसलेली उपाययोजना परस्पर करून केसमधील समस्या संपुष्टात आणल्याबद्दल आपणाविरुद्ध कार्यवाही का करण्यात येऊ नये?" म्हणजे नर्सने रोग संपुष्टात आणला म्हणून नोटीस. मी जळालेल्या मोटारी दुरुस्त करतो. उद्या गिऱ्हाईक म्हणाले, चालू काऊन केली बे, तुले फक्त उघडून पाहाले सांगतली होती, तर मी त्याला दुकानातून हाकलीन. तुमच्या कॉलेजात त्याला बहुतेक प्राध्यापक करतील.

६. आपल्या फाईलमध्ये "मुलीची व पालकांची संमती आहे" असे लिहिल्याचे समजते. पालकांची नाही, कारण मी दिली नाही आणि तिच्या बापाला फोनही आलेला नाही. मुलीची कशी घेतली ते शाळेत तिच्या बाजूला बसणारीने सांगितले. राखी मॅडम वर्गात तिच्या डाव्या अंगाला उभ्या राहिल्या, मायेने डोक्यावर हात ठेवून हळू आवाजात विचारले, आणि रेणुकाने मान हलवली. महोदय, ही पोरगी ऐकू आले नाही की मान हलवते. शाळेत ती इतक्या वर्षांत तेच शिकली, कारण पुन्हा विचारले की मास्तर ओरडतो आणि पोरं हसतात. जी बाई त्या कानावर परीक्षा घ्यायला निघाली तिने संमती त्याच कानात मागितली.

मुख्याध्यापकांचा न्याय निराळा. ते म्हणतात, दहा तारखेला परीक्षेसाठी कॉलेजच्या गाडीत बसली तर शाळेत हजर मांडू, दवाखान्यात गेली तर गैरहजर. शाळेला कॉलेजकडून वजनकाटा मिळणार आहे असे ऐकतो.

७. आता सर्वांत मोठी गोष्ट. ही परीक्षा समाजातली, म्हणजे लोकांच्या घरात जाऊन द्यायची. पण बाहेरच्या परीक्षकांना खैरवंडचा रस्ता सोसणार नाही, म्हणून आपण समाजच कॉलेजात न्यायचे ठरवले आहे. आपल्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये थर्माकोलचे एक घर उभे केले आहे असे मंजुश्रीने सांगितले. त्याला खाकी कागदाचे कूड, दारात तोरण, आत मातीची चूल. (आमच्याकडे गॅस आहे. तसे सांगितल्यावर "चूलच शोभेल" असे उत्तर मिळाले.) त्या घरात रेणुका आणि तानाबाईने बसायचे, मंजुश्रीने दाराशी येऊन नमस्कार करायचा, वर्तमानपत्र पसरायचे, हात धुवायचे. तानाबाईला येताना तिचा रांजण घेऊन यायला आणि जुने लुगडे नेसायला सांगितले आहे. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "घर इथं हाये न बावा. मंग ते तिथं कोनाचं घर हाये? अन् त्या घरात कोन बिमार हाये?"

मी सातवीपर्यंत शिकलो, पुढचे हाती लागेल ते वाचून. या प्रश्नाचे उत्तर मला आले नाही. आपण डॉक्टरेट आहात, आपण द्यावे.

८. सबब विनंती खालीलप्रमाणे :

(अ) रेणुकाला आपल्या परीक्षेतून मोकळे करावे. दुसरी केस हवी असल्यास मी आहे. माझे ब्लडप्रेशर हे ज्ञापन ऐकल्यापासून वाढलेले आहे, परीक्षकांना निराश करणार नाही.

(ब) ते नको असल्यास परीक्षकांनाच त्या दिवशी बुलढाण्याच्या दवाखान्यात आणावे. रस्ता डांबरी आहे. तिथे खरी मुलगी असेल, खरा कान असेल, आणि हात धुवायला नळाला पाणी असेल. मंजुश्रीने काय केले ते तिथल्या डॉक्टरांना विचारावे.

(क) मंजुश्रीला नापास करू नये. ती तसे होईल हे धरून बसली आहे. मला म्हणाली, "आबा, मी पुढच्या वर्षी देईन परीक्षा. तुम्ही तारीख सोडू नका." तिची रजा पुढच्या वर्षी नसते, पगारही नसतो, हे तिने सांगितले नाही, मी काढून घेतले. एक पोरगी बरी करायला दुसरीचे वर्ष जाळायचे, असा आपला अभ्यासक्रम असेल तर तसे कमानीवर लिहा. जागा आहे, थोडी नावे कमी करा.

(ड) आमच्या कुटुंबाच्या नावे असलेला ज्ञानाचा अभाव कमी करून आपल्या महाविद्यालयाच्या नावे चढवावा.

९. वरील मागण्या आपण मान्य कराल अशी आशा मला आहे असे लिहिण्याची पद्धत आहे. मला ती आशा नाही. हा अर्ज परवानगीसाठी नाही, आपल्याला कळावे म्हणून आहे. तो मी टपालाने पाठवत नाही. आपली जीप दहा तारखेला सकाळी रेणुका, तानाबाई आणि रांजण घ्यायला येणार आहे. आम्ही त्याच्या आधीच्या एसटीने निघालेलो असू. दाराला कुलूप असेल. शेजारी हा अर्ज ड्रायव्हरच्या हाती देतील. त्या गरीब माणसाला ओरडू नये. त्याला जे मिळाले ते तो घेऊन आला आहे.

आपला,
हे लिहीपर्यंत नम्र असलेला,

(सही)
इंद्रभान तुळशीराम अंभोरे
खैरवंड, दि. ९ डिसेंबर २०२५

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, बुलढाणा

सोबत :
१) दवाखान्याने दिलेल्या तारखेच्या चिठ्ठीची झेरॉक्स.
२) माझा फोन नंबर, झेरॉक्सच्या मागे. ऑपरेशन चालू असताना करू नये.
३) केस : जोडलेली नाही. ऑपरेशनला गेली आहे.